डावखुऱ्या पिचरला आधी चेंजअप शिकवा

संपादक महोदय,

रिंकू सिंग म्हटले की आता कोलकात्याचा डावखुरा फलंदाजच डोळ्यांपुढे येतो. त्याच नावाचा दुसरा डावखुरा म्हणजे भदोहीचा भालाफेकपटू. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ ही वेगाने चेंडू फेकण्याची स्पर्धा जिंकून तो पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाकडे पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, म्हणून गेला. २००९ला सुरुवात अगदी खालच्या पायरीवर, गल्फ कोस्ट लीगमध्ये. २०१२मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर संघाकडून ७२ इनिंग्जमध्ये ६५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज). मग दुखापतींनी गाठले आणि मेजर लीग, म्हणजे तिथली सर्वोच्च स्पर्धा, राहून गेली.

ठाणे-नवी मुंबईत पिचर शोधताना डावखुरा मुलगा दिसला की स्पीडगन काढणाऱ्यांनी, रिंकू मुळात भाला फेकायचा, हे आधी ध्यानात घ्यावे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला चेंडू सोडताना कोपर १५ अंशांहून जास्त सरळ करायची मुभा नाही. पिचर मात्र वाकलेले कोपर उलगडतच चेंडू फेकतो. त्यामुळे नेटमधल्या डावखुऱ्या मध्यमगती गोलंदाजापेक्षा सीमारेषेवरून थेट यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये थ्रो करणारा पोरगा हेरावा.

आज मेजर लीगखालच्या मायनर लीगमध्ये सर्वांत खालच्या रूकी लीगच्या वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा चार पायऱ्या आहेत. खाली नुसत्या वेगावर निभावते. डबल-एचा फलंदाज मात्र बाहेरचा चेंडू सोडून देतो आणि वेगाची सवय झाली की ठोकतो. डावखुऱ्यासमोर बहुतेक फलंदाज उजवे, म्हणून चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखाच (वेगवान चेंडूसारखाच) भासणारा पण हळू येणारा चेंडू, हवाच. चेंडू तळव्यात खोल धरायचा, हात फास्टबॉलइतकाच जोरात फिरवायचा. वेग ताशी ८-१० मैलांनी आपोआप उतरतो. मुले नेमकी इथे चुकतात, हातच हळू करतात. मोबाइलवर बाजूने चित्रण करून दोन्ही चेंडू शेजारी लावून पाहा, फरक लगेच दिसतो. फलंदाजालाही दिसतोच!

डावखुऱ्याचे तोंड पहिल्या बेसकडे, म्हणजे धावणाऱ्या रनरच्या पहिल्या थांब्याकडे असते, हा फुकटचा फायदा. पण उचललेला उजवा पाय रबराच्या (पिचरच्या पायाखालच्या पट्टीच्या) मागच्या कडेपलीकडे गेला की पहिल्या बेसकडे फेकता येत नाही. फेकलाच तर बॉक, म्हणजे पिचरचा नियमभंग, आणि रनरला पुढचा बेस आंदण.

कोपराचा हिशेब तर रोज वहीत हवा. अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ नियमावलीत १५-१६ वर्षांच्या मुलाला सामन्यात जास्तीत जास्त ९५ पिच (फेकी); ७६ किंवा त्याहून जास्त झाल्यास चार दिवस विश्रांती. पिचिंग करून त्याच सामन्यात त्यालाच कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) म्हणून बसवू नये, हेही त्यात आहे. कोपराच्या ज्या शस्त्रक्रियेला टॉमी जॉनचे नाव पडले, तो १९७४चा पहिला रुग्णही डावखुरा पिचरच. त्यानंतर परतायला वर्ष-दीड वर्ष सहज जाते. सतरा वर्षांच्या मुलाचा तेवढ्यात अख्खा हंगाम बुडतो.

– एक बेसबॉलप्रेमी वाचक, नेरूळ, नवी मुंबई