ठिपके बाबा मांडतील

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मला हे नीट बोलता येत नाही. मी विषय काढला की आई "जेवलीस का" विचारते, बाबा "सगळं ठीक आहे" म्हणतात, आणि फोन ठेवल्यावर मी रडत बसते. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा. आईपासून लपवून ठेवू नका, बाबा. आजार तिचा आहे आणि तिला सगळं कळतं.

दिवाळीत पाडव्याच्या पहाटे मी दाराआडून बघत होते. आई, तू १५ ते ८ ची रांगोळी घालायला बसली होतीस. मधली ओळ झाली, वरच्या तीन झाल्या आणि चौथीला तुझं बोट थांबलं. मागे जाऊन मोजलंस, पुन्हा पुढे आलीस, मग तळहाताने सगळं पुसलंस. असं तीनदा. बाबा, तुम्ही मायेनेच म्हणालात, "राहू दे गं, स्टिकर लावू." तेव्हापासून उंबऱ्याशी ती प्लास्टिकची कमळं आहेत आणि भाऊबीज झाल्यावर रांगोळीचा डबा माळ्यावर गेलाय.

तो डबा खाली काढा, बाबा. मुख्य सांगायचं ते एवढंच.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी आपल्या तिघांसमोर सांगितलं होतं. बी-१२ आणि थायरॉईड ठीक, एमआरआय झाला, हा अल्झायमरच, सुरुवातीचा टप्पा. गोळीने लक्षणं काही काळ आवरतात, आजार बरा होत नाही. मी त्या दिवशी पार खचले. नंतर वाचत गेले तेव्हा आईचं वागणं उलगडायला लागलं. नवी आठवण मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात मुरते, आणि या आजाराचा घाव बहुधा आधी तिथेच बसतो. म्हणून सकाळची गोळी घेतली की नाही हे आईला आठवत नाही, पण १९६९ च्या पुरात गोदावरी सराफ बाजारातल्या वाड्याच्या कितव्या पायरीला लागली होती ते ती आजही सांगते. हाताला लागलेलं वळण मेंदू वेगळ्या जागी जपतो. ते पुष्कळ उशिरापर्यंत टिकतं.

आणि ते टिकलंय, मी पाहिलंय. भाऊबीजेला दादाच्या पाटाभोवती तू वेल काढलीस, आई. ठिपके नव्हतेच, मोजायचं काही नव्हतं. अंगठा आणि दोन बोटांमधून रेघ सुटत होती, जाडी कुठे कमी-जास्त नाही. पान वळताना मनगट जरासं उचललं जायचं, अगदी मी लहानपणी बघायचे तसं. त्या अर्ध्या तासात "आज वार कोणता" हे तू एकदाही विचारलं नाहीस. वेल झाल्यावर मागे सरकून, मान तिरकी करून बघितलंस. किती दिवसांनी तुझा तो चेहरा बघितला मी!

विल्यम उटरमोलन नावाचा एक अमेरिकन चित्रकार लंडनला राहायचा. १९९५ मध्ये त्याला हेच निदान झालं. त्यानंतरही काही वर्षं तो स्वतःचा चेहरा काढत राहिला. चेहरा बदलत गेला, नाक-डोळे जागा सोडायला लागले, शेवटी शेवटी नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. चित्रं काढून त्याचा आजार थांबला नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण खोटी आशा मला तुम्हाला द्यायची नाही. आईचीही रांगोळी बदलेल. पाकळी चुकेल, एखादा रंग भलतीकडे जाईल. तेव्हा "असं नाही, असं" म्हणू नका, बाबा. तिने विचारलं तरच सांगा.

ठिपक्यांचं मात्र मला राहून राहून वाटतंय. आईची ती वही आहे ना, हळदीचे डाग पडलेली, तिच्यातल्या निम्म्या रांगोळ्या ठिपक्यांच्या आहेत. त्या का सोडायच्या? तुम्ही नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये उभा जन्म कागद मोजलेत. ठिपके तुम्ही मांडा. रेघा ती जोडेल. गुडघे दुखतील, तर पाट घ्या.

बँकेचे आणि घराचे कागद आताच करून टाकू. काय हवं ते आई स्वतः सांगू शकतेय, तिलाच विचारून करू. मी त्यासाठी चार दिवस रजा टाकली आहे. आणि आई, घाटावर जायचं सोडू नकोस. पर्समध्ये पत्त्याची नि आमच्या फोन नंबरांची चिठ्ठी ठेव आणि बाबांना बरोबर घे.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारच्या आदल्या रात्री मी पोचते. लक्ष्मीची पावलं दारापासून देवघरापर्यंत आईच काढेल. बाबा, रविवार कारंजाकडे गेलात तर पांढरी रांगोळी दोन किलो आणून ठेवा. जराशी भरड बघून घ्या, फार बारीक चिमटीतून नीट सुटत नाही.

तुमची,
ताई