फोल्डरचे नाव रोमनमध्येच छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमचा जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नसल्याने आम्ही त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली घातली. यंत्र उत्तम चालते, माइनक्राफ्ट या खेळाची जावा आवृत्तीही लिनक्सवर थेट चालते. मात्र मराठी माध्यमात नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने त्यात मॉड, म्हणजे खेळात बाहेरून भर घालणारी फाइल, बसवायला घेतला आणि तिच्या दोन संध्याकाळी वाया गेल्या. आपल्या पुरवणीचे कात्रण तिच्यासमोर होते. त्यात ‘फाइल मॉड्स फोल्डरमध्ये टाका’ एवढेच, तेही देवनागरीत छापलेले होते.

विशेषनामाचे पहिले अक्षर कॅपिटल, हे इंग्रजीच्या तासाला शिकलेल्या मुलीने कॅपिटल एम घालून फोल्डर बनवला आणि फाइल त्यात ठेवली. फॅब्रिकने, म्हणजे मॉड खेळाला जोडून देणाऱ्या प्रोग्रामने, आपला फोल्डर आधीच लहान एमने तयार केला होता. विंडोजला ही दोन्ही नावे एकच वाटतात, लिनक्सवर मात्र सर्वसाधारणपणे ती वेगळी ठरतात. त्यामुळे दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी नांदत होते, एकात फाइल आणि दुसरा रिकामा. खेळ निमूट सुरू होई, चुकीची एक ओळही पडद्यावर येत नसे आणि मॉडचा पत्ता नसे. आपल्या लिपीत लहान-मोठे अक्षर हा भेदच नाही, म्हणून देवनागरीत छापलेल्या नावातून वाचकाला हे कळणे अशक्य आहे. शिवाय स्टारड्यू व्हॅली या खेळासाठी लागणाऱ्या एसमापी या तशाच प्रोग्रामचा फोल्डर कॅपिटल एमनेच असतो, त्यामुळे एका खेळाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही.

माइनक्राफ्टचा मुख्य फोल्डर टिंबाने सुरू होत असल्याने लपलेला असतो आणि फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल व एच दाबल्यावर दिसतो, हेही कात्रणात नव्हते. ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, प्रशासकाचे अधिकार देणारी ‘सुडो’ ही आज्ञा लावून फोल्डर बनवण्याचा सल्ला दिला, तो तर मुळीच मानू नये. तसा बनवलेला फोल्डर रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासकाच्या, मालकीचा होतो आणि मुलांना स्वतःच्याच होम फोल्डरमधल्या त्या जागी पुढे नवी फाइल टाकता येत नाही.

माझी कळकळीची विनंती आहे की अशा सूचना देताना फोल्डरचे नाव रोमन लिपीत, अक्षरशः जसे आहे तसे छापावे आणि मॉड फॅब्रिकचा की फोर्ज या तशाच दुसऱ्या प्रोग्रामचा, खेळाच्या कोणत्या आवृत्तीचा, तेही सांगावे. मुलीने त्या कात्रणाच्या समासात लाल पेनाने लहान एम लिहून ठेवला आहे. पुढच्या वेळी तो छापूनच यावा.

आपला नियमित वाचक,
गिरगाव, मुंबई