चार-चारच्या दोन ओळी: बॉब हॉटन यांना आभारपत्र

आदरणीय हॉटन सर,

सादर नमस्कार.

२००६ ते २०११ या काळात तुम्ही भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होता. त्या वर्षांची आठवण निघाली की आपल्याकडे नेहरू चषक निघतो, सुनील छेत्रीची हॅटट्रिक निघते, दोहातला आशियाई चषक निघतो. त्या सगळ्यासाठी आभार आहेतच. पण महाराष्ट्रात आणि गोव्यात मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांवर तुमचं मोठं ऋण आहे ते वेगळ्याच कारणासाठी. चेंडू आपल्याकडे नसताना कुठे उभं राहायचं आणि शेजाऱ्यापासून किती लांब, हे शिस्तीने शिकवता येतं, हे भारतीय संघाकडे पाहून पहिल्यांदा नीट कळलं.

तुमची स्वतःची खेळाडू म्हणून कारकीर्द लहान. फुलहॅम आणि ब्रायटन या क्लबांत होता, पण नाव गाजावं असं काही तिथे घडलं नाही. विशीतच हेस्टिंग्ज आणि मेडस्टोन या लीगबाहेरच्या छोट्या संघांकडे वळलात आणि प्रशिक्षणाला लागलात. अशा क्लबांचे खेळाडू दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात. आठवड्यातून हाती येतात त्या दोन-तीन संध्याकाळी. एवढ्या वेळात कुणाचं पायाचं कसब बदलत नाही, पण अकरा जणांना एकत्र सरकायला शिकवता येतं. तुमच्या पद्धतीचं मूळ या टंचाईत असावं असं आम्हाला वाटतं, आणि म्हणूनच ती आमच्या कामाला येते. आमच्याकडेही वेळ तेवढाच असतो.

ती पद्धत इथे सविस्तर लिहितो, कारण हे पत्र इतर प्रशिक्षकही वाचतील. मागे चार, त्यांच्यापुढे चार, सर्वांत पुढे दोघे. चेंडू समोरच्या संघाकडे असताना सर्वांत मागचा बचावपटू आणि सर्वांत पुढचा आघाडीपटू यांच्यात साधारण ३०-३५ मीटरपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. ओळीतल्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांत ८-१० मीटर. प्रत्येकाने माणूस पकडायचा नाही, जागा राखायची. चेंडू डावीकडे गेला की आठही जण डावीकडे सरकतात आणि उजवा बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, जवळजवळ मैदानाच्या मध्यावर येतो. पलीकडची कड मोकळी राहते, ती जाणूनबुजून सोडलेली असते. तिथे चेंडू हवेतून पोचेपर्यंत ओळीला परत सरकायला वेळ मिळतो. समोरच्याने चेंडू मागे खेळला की बचावफळीने पाच-सहा पावलं पुढे यायचं, आणि त्याने मान वर करून लांब मारण्यासाठी पाय मागे नेला की चेंडू सुटायच्या आधीच मागे वळायचं.

कबड्डी खेळलेल्या मुलांना हे लवकर उमजतं: कोपरा पुढे आला आणि कव्हर जागीच राहिला की चढाईपटूला मधून वाट मिळते.

बिघाड बहुतेक वेळा पुढून सुरू होतो आणि दोष मात्र मागच्यांच्या माथी येतो. ज्याच्या पायात चेंडू आहे त्याच्यावर दबाव नसेल, तर पुढे आलेली बचावफळी हे गोलाचं आमंत्रण ठरतं. त्याला बघायला वेळ मिळतो आणि तो पाठीमागच्या मोकळ्या जागेत चेंडू सोडतो. म्हणून दोन आघाडीपटूंनी धावणं थांबवलं की बचावफळीनेही मागे यायला हवं. दुसरी चूक सवयीची. माणूस पकडायला शिकलेला सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, समोरच्या संघाच्या स्ट्रायकरच्या मागे ओळ सोडून जातो आणि मध्ये भगदाड पडतं. तिसरी गोलरक्षकाची. ओळ पुढे गेली तरी तो गोलरेषेवरच उभा राहतो आणि मधली सगळी जागा कुणाच्याच वाट्याची राहत नाही.

यावरचा सराव कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही. समोर प्रतिस्पर्धी न ठेवता पूर्ण संघ मैदानावर उभा करायचा. प्रशिक्षकाने चेंडू इकडून तिकडे न्यायचा, मध्येच शिट्टी मारायची, सगळ्यांनी जिथे असतील तिथे थिजायचं आणि अंतरं पाहायची. चुकलं की पुन्हा. १५-२० मिनिटांहून जास्त ताणलं की मुलांचं लक्ष उडतं. तेव्हा तेवढ्यावर थांबून, समोर आठ जण उभे करून तेच खेळवायचं.

या कामाची ताकद तुम्ही स्वीडनमध्ये दाखवलीत. १९७४ साली माल्मो या क्लबात गेलात तेव्हा तुमचं वय २६. पहिल्याच वर्षी लीग आणि चषक दोन्ही, १९७५ मध्ये पुन्हा दोन्ही, १९७७ मध्ये आणखी एक लीग. १९७६ मध्ये तुमचे जुने मित्र रॉय हॉजसन हाल्मस्टाड या तिथल्याच दुसऱ्या क्लबात आले आणि तीच पद्धत घेऊन त्याच वर्षी विजेते झाले. स्वीडनमध्ये यावर बराच वाद झाला. इंग्रजांनी खेळ रुक्ष केला, असं म्हणणारे खूप होते. १९७८-७९ च्या युरोपियन चषकात मोनॅको, डायनॅमो कीव्ह, विस्वा क्राकूव आणि ऑस्ट्रिया व्हिएन्ना यांच्याविरुद्धच्या आठ सामन्यांत माल्मोने फक्त ३ गोल खाल्ले, तेही तिन्ही क्राकूवकडून. म्युनिकच्या अंतिम सामन्यात महत्त्वाचे खेळाडू जायबंदी असताना नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ०-१ अशी हार झाली. मध्यंतराच्या तोंडावर रॉबर्टसनचा क्रॉस आणि ट्रेव्हर फ्रान्सिसचं हेडर. मोठ्या रकमेचे खेळाडू नसलेला, बहुतांश आसपासच्याच मुलांचा संघ तिथवर गेला, हे आम्हाला कोणत्याही विजेतेपदापेक्षा मोठं वाटतं.

पुढे ब्रिस्टल सिटीत घसरणीचे दिवस, मग टोरांटो, मग चीन, जिथे १९९८ च्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळालं. आणि मग भारत.

ऑगस्ट २००७, दिल्लीचं आंबेडकर स्टेडियम. नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात एन. पी. प्रदीपच्या एकमेव गोलावर सीरिया हरली. पुढच्या वर्षी एएफसी चॅलेंज चषक. हैदराबादला अफगाणिस्तानने दमवलं होतं आणि भरपाईच्या वेळेत गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सने गोल केला. पावसाने तिथलं मैदान बिघडल्यावर अंतिम सामना दिल्लीत आला आणि ताजिकिस्तानविरुद्ध ४-१ असा जिंकला. छेत्रीचे तीन, भुतियाचा एक. २००९ च्या नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात पुन्हा सीरिया. रेनेडी सिंगच्या फ्री-किकने जादा वेळेत आघाडी मिळाली, अगदी शेवटी बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये गोलरक्षक सुब्रत पालने तारलं.

तुमचा संघ लांब चेंडू मारतो, अशी टीका तेव्हा सतत होत असे. हवेतला चेंडू भुतियाकडे किंवा अभिषेक यादवकडे जायचा हे खरंच आहे. पण चेंडू हिसकावला तेव्हा आपले आठ जण अरुंद पट्ट्यात असतात. तिथेच छोटे पास खेळत बसलं तर चेंडू पुन्हा आपल्याच गोलसमोर जातो. लांब पास आणि खाली पडणाऱ्या दुसऱ्या चेंडूवर मधल्या फळीची झडप, हा त्यातून निघण्याचा हिशेबी मार्ग आहे. फक्त ती फळी दहा-पंधरा मीटरच्या आत हवी, नाहीतर तो निव्वळ फेकलेला चेंडू. आणि मुंबईच्या स्टीव्हन डायसचे उजवीकडून येणारे क्रॉस आठवले की या संघाला फक्त उंच मारणारा म्हणणं अन्यायाचं वाटतं.

चॅलेंज चषकामुळे भारत २०११ च्या आशियाई चषकात पोचला, १९८४ नंतर पहिल्यांदा. दोहात ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४. बहरीनच्या इस्माइल अब्दुल्लतिफने एकट्याने चार गोल केले. कोरियाकडून त्या दिवशी गोल करणारा एक १८ वर्षांचा मुलगा होता, सोन ह्युंग-मिन. मांडणी बरोबर असूनही वेग आणि ताकद यांतला फरक तिने भरून निघत नाही, ही त्या स्पर्धेतली स्पष्ट शिकवण. चेंडू मिळाल्यावर समोरचा एका सेकंदात पास देत असेल, तर ओळ सरकायला वेळच उरत नाही. तरीही तीन गोल केले, गौरमांगीने एक आणि छेत्रीने दोन, आणि भारतातल्या लहान मुलांनी आपला संघ त्या पातळीवर खेळताना पाहिला.

एप्रिल २०११ मध्ये तुम्ही पद सोडलंत. तुमच्या हाताखाली खेळलेल्यांपैकी काही जण आज स्वतः प्रशिक्षक आहेत. गोव्याचा क्लिफर्ड मिरांडा त्यांतलाच, मुंबईचा स्टीव्हन डायसही. आमच्या मैदानांवर रेषा पुसट असतात, गोलखांबांना जाळी नसते. तिथे आम्ही चुन्याने १०-१० मीटरवर खुणा करतो आणि बारा वर्षांच्या मुलांना त्यांच्यावरून सरकायला लावतो. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

आपले नम्र,
महाराष्ट्र आणि गोव्यातले काही फुटबॉल प्रशिक्षक