लवंगा

फलटण
चि. महेश,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता गेलास. जावईबापूंसमोर मी सिगारेटवरून तसं ओरडायला नको होतं. तुझ्या आईने तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलंय. खोकल्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

तुझी पँट भिजवताना आईला खिशात लवंगा सापडल्या. म्हणाली, पोराची दाढ दुखत असेल. मी गप्प बसलो. माझ्या खाकी शर्टाच्या खिशात २० वर्षं लवंगाच असायच्या.

"मनावर घेतलं की सुटते," असं तुला ठणकावून सांगितलं. ते खोटं होतं. मी पाच वेळा सोडली. आप्पा गेले तेव्हा शपथ घेतली, ती तेराव्यापर्यंतही टिकली नाही. पुढे डॉक्टरांनी समजावलं, की झुरक्यानंतर काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं, ते उतरायला लागलं की जीव कासावीस होतो, आणि पुढची ओढली की हायसं वाटतं. आपण म्हणतो सिगारेटने टेन्शन घालवलं. अरे, आणलेलंही तिनंच! पहिले तीन-चार दिवस फार वाईट. तिसऱ्या दिवशी सुट्ट्या पैशांवरून एका म्हातारीवर असा खेकसलो, की ड्रायव्हरने वळून बघितलं.

अंगाची तलफ महिन्याभरात उतरते. चहाचं काय करायचं? स्वारगेटला गाडी लावली, कटिंग हातात आलं की दुसरा हात आपसूक खिशात जायचा. सुट्टी सिगारेट विकायला २०२० पासून राज्यात बंदी आहे. आपल्या स्टँडवरच्या टपरीला जळती दोरी अजून लोंबतेय. तुझ्या ऑफिसखालीही असेलच.

सकाळी दात घासताना तू खोकतोस ना, अगदी तसेच आप्पा खोकायचे. लिहायचं नव्हतं, लिहिलं.

तुझं वय काय, पगार काय, घराचं कर्ज तू एकट्याने फेडलंस, गावभर सांगत फिरतो मी. एवढं कळणाऱ्याला हे कळू नये? छातीचा एक्स-रे काढ, आजच. बघ, लागलो परत भाषण द्यायला. माफ कर. चौथीत असताना तुलाच टपरीवर पिटाळायचो. उरलेल्या पैशांची गोळी तुला. टपरीवाला तू काही बोलायच्या आधीच माझं पाकीट पुढे करायचा.

मेडिकलमध्ये निकोटीनचं च्युइंगम मिळतं, २ मिलिग्रॅमचं. थोडं चावायचं आणि गालात धरून ठेवायचं. मी पहिल्या दिवशी चघळत सुटलो, तर सासवडपासून जेजुरीपर्यंत उचक्या. अख्खी गाडी हसत होती. सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, फोन फुकट आहे. मला नाही सांगितलंस तरी चालेल, त्यांना सांग.

आणि खोकला रात्रीही येतो का, एवढं फक्त आईला कळव.

पँट इस्त्री करून ठेवली आहे. लवंगा आईने मसाल्याच्या डब्यात टाकल्या.

तुझा,
बाबा