मुक्ता, फाईल उघडून बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्रीचं भांडण परत उकरायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय. डबा उघडलास का? लसणाची चटणी पेपरात गुंडाळलीय, गुडगावच्या उन्हात ती टिकायची नाही, आधी फ्रीजमधे टाक. लोहगावच्या विमानतळावर तुला सोडून परत येताना बाबा येरवड्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, मग एकदम म्हणाले, स्वेटर दिलास का तिला. मे महिन्यात!

"म्हणजे लोकांना नाही म्हणायची नोकरी" असं मी बोलले ते चुकलंच. विमा कंपनीत क्लेम्समधे, म्हणजे विम्याचे दावे तपासायला घेतलं तुला, तेही पहिल्याच इंटरव्ह्यूत. बाबा सोसायटीभर सांगत फिरले आणि मी पण भाजीवालीपर्यंत सांगितलं. पण ते "नाही" डोक्यातून जात नाही गं.

तू म्हणालीस, तुमच्या काळी एलआयसी हे एकच दुकान होतं, तुला काय कळणार स्पर्धा. मला नसेल, पण माझ्या वडिलांना, अप्पांना, चांगली कळली होती. ५६ च्या आधी आयुर्विम्याच्या १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, असा २४५ जणांचा बाजार होता. अप्पांनी शाळेच्या पगारातून दहा वर्षं हप्ते भरले आणि ५१ साली ती कंपनीच बुडाली, हातात आलं ते इतकं थोडं की आजी त्याचा आकडा शेवटपर्यंत सांगायची नाही. आणि असे ते एकटे नव्हते, ४५ ते ५५ या दहा वर्षांत २५ कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. कायदा नव्हता असं नाही, १९३८ चा होता की, पण कायदा कागदावर आणि पैसा मालकाच्या दुसऱ्या धंद्यात. फिरोज गांधींनी डिसेंबर ५५ मधे लोकसभेत हेच बाहेर काढलं आणि १९ जानेवारी ५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून सांगितलं की आयुर्विमा सरकार ताब्यात घेतंय. अप्पांनी ते शेजाऱ्यांकडे उभ्यानं ऐकलं होतं. त्यांची दुसरी पॉलिसी मग १ सप्टेंबरला एलआयसीत आली, सरकारी हमीसकट. पुढे पानशेतच्या पुरात ट्रंकेत चिखल गेला, तर आजीनं तो पॉलिसीचा कागद, बाँड, दोरीवर चिमट्यांनी वाळत घातला, अजून माझ्या कपाटात आहे, शाई पसरून अप्पांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर वाचता येतं, आणि घडीत बोट फिरवलं की माती लागते.

म्हणून मी ८५ साली एलआयसीत चिकटले तेव्हा अप्पा रडले होते. तुला हे हजारदा सांगितलंय, माहितीय.

सरकारी म्हणून सगळं सोवळं होतं असंही नाही. वर्षभरात मुंदडा प्रकरण झालं, एलआयसीचा पैसा मुंदडाच्या कंपन्यांच्या शेअर्समधे घातला गेला, न्यायमूर्ती छागलांनी उघड्यावर चौकशी केली, अर्थमंत्र्यांना जावं लागलं. आणि एकच दुकान असलं की गिऱ्हाईकाला पर्याय राहत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे, त्या रात्री मी मानलं नाही. मल्होत्रा समितीनं ९४ मधे खाजगी कंपन्यांना दार उघडा म्हणून सांगितलं तेव्हा आम्ही जेवणाच्या सुट्टीत गेटवर घोषणा द्यायचो, तू पोटात होतीस तेव्हासुद्धा, आणि ९९ मधे आयआरडीएचा, म्हणजे विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, कायदा झालाच. परदेशी भांडवल आधी २६ टक्के, मग ४९, मग २०२१ मधे ७४. मला वाटलेलं परत ५१ साल येणार. तसं झालं नाही. घरबसल्या टर्म इन्शुरन्स मिळतोय, २०११ पासून मेडिक्लेमची कंपनी बदलता येते आणि जुन्या आजारासाठी थांबलेला वेटिंग पीरियड वाया जात नाही, हे चांगलंच झालं.

पण भाऊकाका. खालच्या मजल्यावरचे. बायपास झाली, क्लेम नामंजूर, का तर बीपीची गोळी फॉर्मात लिहिली नव्हती. फॉर्म एजंटनं भरलेला, काकांनी टिक केलंय तिथे फक्त सही ठोकली. पॉलिसीचं चौथं वर्ष. पाच पूर्ण असती तर मोरॅटोरियममधे बसले असते, म्हणजे माहिती लपवली म्हणून फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कोणी हात लावू शकलं नसतं. पत्रात दोन ओळी आणि खाली कोणाची तरी सही. ती सही मी रात्री भिंग घेऊन बघितली मुक्ता, नाव लागतंय का ते. बत्तीस-तेहतीसची कोणीतरी पोरगी असेल, तुझ्याएवढीच, असं उगाच मनात आलं. तेव्हापासूनच हे सुरू आहे माझं.

म्हणून सांगते. क्लेम नाकारायचा तर आता रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, आयआरडीएच्या २०२४ च्या सर्क्युलरमधे आहे, तुला माझ्याआधी माहीत असेल. पण कमिटीसमोर जे जातं ते खालून तूच लिहून पाठवणार ना? तेव्हा पॉलिसी घेताना भरलेला प्रपोजल फॉर्म काढून बघ, अक्षर कोणाचं आहे, सही कोणाची आहे. एक फोन कर त्या माणसाला. टार्गेट आहे, दिवसाला इतक्या फायली निघाल्या पाहिजेत असं साहेब म्हणाले तरी... झालं, परत लेक्चर. सॉरी गं. तुला कामाची अक्कल माझ्यापेक्षा जास्त आहे, खरंच आहे.

आम्ही आधी कंपनीला लेखी तक्रार दिली, महिनाभर वाट बघितली, मग केळकर रस्त्यावर विमा लोकपालाकडे अर्ज केला. फी नाही, वकील नाही. मंगळवारी तारीख आहे, काकांना जिने चढवत नाहीत म्हणून मी सोबत जातेय. कागद मीच लावलेत तारखेवार, पण त्यांनी विचारलंय, मुक्ताला एकदा दाखवता येतील का.

फोटो पाठवू का? तुझ्या कंपनीचा क्लेम नाहीये, ते आधीच बघितलंय.

तुझी,
आई