मोक्का लागला, साक्षीदार पिंजऱ्यात केव्हा उभा राहणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या नाना पेठेत १ सप्टेंबर २०२४ च्या रात्री माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांचा गोळ्या झाडून आणि कोयत्याचे वार करून खून झाला. काही जवळच्या नातलगांसह अनेकांना अटक झाली आणि सर्वांवर मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, लावण्यात आला. त्यानंतर एक वर्ष चार दिवसांनी, ५ सप्टेंबर २०२५ रोजी, अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, सारी पेठ विसर्जनाच्या तयारीत असताना, त्या गुन्ह्यात तुरुंगात असलेल्या एका आरोपीच्या शिकत्या मुलाला राहत्या इमारतीच्या तळघरात गोळ्या घालण्यात आल्या. पुन्हा अटकसत्र झाले, पुन्हा मोक्का लागला. पुढे १ नोव्हेंबरला कोंढव्यात भरदिवसा एका रिक्षाचालकाचा खून झाला. तोही पहिल्या गुन्ह्यातील एका आरोपीचा भाऊ होता. ही प्रकरणे न्यायालयापुढे असल्याने कोण दोषी आणि कोण निर्दोष याविषयी एक अक्षरही लिहिण्याचा मला अधिकार नाही. मला लिहायचे आहे ते या तारखांच्या मधल्या काळाविषयी.

टोळीयुद्धात सूडाला सूड जोडला जातो, हे महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईत २६ जुलै १९९२ रोजी नागपाड्यात दाऊद इब्राहिमच्या मेहुण्याला गवळी टोळीने मारले आणि १२ सप्टेंबरला त्याचा बदला म्हणून थेट जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्डात शिरून त्या टोळीतील शैलेश हळदणकर याला ठार करण्यात आले. पहाऱ्यावरच्या दोन पोलिसांनाही त्यात प्राण गमवावे लागले. त्या दोन घटनांमध्ये अठ्ठेचाळीस दिवसांचे अंतर होते. अठ्ठेचाळीस दिवसांत खटला चालवून निकाल द्यावा, अशी अपेक्षा कोणीही शहाणा माणूस करणार नाही. पुण्यात मात्र पहिल्या आणि दुसऱ्या खुनाच्या मध्ये तीनशे एकोणसत्तर दिवस गेले. खुनाचा हिशेब न्यायालयात होणार आहे यावर मयताच्या आणि आरोपीच्या, दोन्ही बाजूंच्या माणसांचा विश्वास बसावा, यासाठी हा काळ हाताशी होता आणि तो वाया गेला, याची खंत वाटते.

मी न्यायालयीन सेवेत एकोणतीस वर्षे काढली असून अखेरची काही वर्षे सत्र न्यायालयात होतो. त्या अनुभवावरून सांगतो, की टोळीच्या खटल्याचे खरे ओझे सरकारी वकिलाच्या किंवा तपासी अधिकाऱ्याच्या खांद्यावर नसते. ते त्या गल्लीतल्या पानटपरीवाल्याच्या, चहावाल्याच्या, समोरच्या इमारतीतल्या वॉचमनच्या खांद्यावर असते. घटना त्याने पाहिलेली असते किंवा पंच म्हणून त्याची सही घेतलेली असते. त्याचे समन्स घेऊन येणारा शिपाई भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर त्याचे नाव पुकारतो. तारखेला तो दुकान बंद ठेवून येतो आणि ज्या व्हरांड्यात बसतो, त्याच व्हरांड्यात आरोपीचे मित्र उभे असतात. ते बोलत काहीच नाहीत, नुसते बघतात. दुपारी कळते, की आरोपींना तुरुंगातून आणायला बंदोबस्त मिळाला नाही, किंवा एका आरोपीचे वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत, किंवा मुद्देमालाचा अहवाल प्रयोगशाळेतून आलेला नाही. पुढची तारीख मिळते. असे चार-पाच वेळा झाले, की तो माणूस साक्षीच्या दिवशी 'मला काही आठवत नाही' असे सांगतो आणि आमच्या रोजनाम्यात 'साक्षीदार फितूर' अशी नोंद होते. मी स्वतः अशा नोंदी केल्या आहेत. फितूर हा शब्द लिहिताना प्रत्येक वेळी वाटे, की आधी आपण या माणसाला एकटे सोडले आणि मग त्याच्यावर हा शिक्का मारला.

कायद्यात तरतूद नाही असे मुळीच नाही. १९९९ चा मोक्का कायदा वाचणाऱ्यांचे लक्ष साधारणपणे कडक कलमांकडे जाते: पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब, दोषारोपपत्रासाठी वाढवून मिळणारी एकशे ऐंशी दिवसांपर्यंतची मुदत, जामिनाच्या कठोर अटी. त्याच कायद्याच्या दहाव्या कलमात म्हटले आहे, की विशेष न्यायालयातील खटल्याला आरोपीविरुद्धच्या अन्य खटल्यांपेक्षा अग्रक्रम राहील. आणि एकोणिसाव्या कलमाने साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याचा, बंद दाराआड सुनावणी घेण्याचा अधिकार न्यायालयाला दिला आहे. राज्याने साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. कडक कलमे अटकेच्या दिवसापासून वापरली जातात. साक्षीदाराला धीर देणारी कलमे मात्र त्याने स्वतः अर्ज केल्याशिवाय कोणाला सहसा आठवत नाहीत, आणि अशी तरतूद आहे हे त्या पानटपरीवाल्याला सांगणार कोण?

लांबणीचा फटका दुहेरी बसतो. खटला वर्षानुवर्षे सुरूच झाला नाही, तर जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा आधार घेऊन उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय आरोपीला जामीन देते, मग कायद्यातील अटी कितीही कडक असोत. आणि ते योग्यच आहे, कारण वीस-पंचवीस आरोपींच्या यादीत नुसत्या ओळखीपायी गोवला गेलेला एखादा निरपराध तरुणही असू शकतो आणि त्याला निकालाविना कोंडून ठेवणे हा अन्याय आहे. दुसरीकडे, पुरावा टिकला नाही, तर काय होते ते आपण फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पाहिले. पुण्यातील एका टोळीचा म्होरक्या म्हणून ओळखला जाणारा गजानन मारणे खुनाच्या दोन खटल्यांतून निर्दोष सुटून तळोजा कारागृहाबाहेर आला आणि शेकडो गाड्यांच्या ताफ्यातून त्याची पुण्यापर्यंत मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीबद्दल नंतर गुन्हे दाखल झाले. परंतु पेठांतील आणि उपनगरांतील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी मोबाइलवर ती मिरवणूक पाहिली होती. गुन्हे दाखल झाल्याची बातमी त्यांतल्या किती जणांनी वाचली असेल?

म्हणून शासनाकडे आणि उच्च न्यायालय प्रशासनाकडे माझी विनंती आहे, की टोळीवैरातून घडलेल्या परस्परसंबंधित गुन्ह्यांसाठी पुण्यात एक न्यायालय केवळ याच कामाला द्यावे, त्याला पूर्णवेळ सरकारी वकील द्यावा आणि साक्षी सुरू झाल्या की त्या रोजच्या रोज घ्याव्यात. महत्त्वाच्या साक्षीदारांचे जबाब सुरुवातीलाच दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावेत. गंभीर गुन्ह्यांत तशी अपेक्षा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. समन्स साध्या वेशातील कर्मचाऱ्याने द्यावे आणि साक्षीदाराची बसण्याची व्यवस्था वेगळ्या खोलीत करावी. याला नवा कायदा लागत नाही, एक खोली लागते. याशिवाय, मोक्का लावताना पोलीस टोळीच्या सदस्यांची साखळी कागदावर मांडतातच. त्याच कागदावर, आता सूडाचा वार कोणावर येऊ शकतो, अशा आरोपींच्या घरच्या माणसांचीही यादी करावी आणि त्यांना वेळेवर संरक्षण द्यावे. वडील किंवा भाऊ आरोपी आहे, एवढ्यासाठी एखाद्याचा जीव स्वस्त ठरू नये.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती करतो. मोक्का लागल्याची बातमी आपण पहिल्या पानावर देता. यापुढे या खटल्यांत दोषारोप निश्चित झाले का, आजवर किती साक्षीदार तपासले गेले आणि किती तारखा नुसत्याच पुढे ढकलल्या गेल्या, एवढे तीन आकडे, कोणाही साक्षीदाराचे नाव न देता, दर महिन्याला छापावेत.

आपला,
एक सेवानिवृत्त न्यायालयीन कर्मचारी, पुणे