खिडकी उघडी ठेव

नौपाडा, ठाणे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

वांद्र्याहून गाडी सुटेपर्यंत तू धड बोलली नाहीस. मीही घुश्शातच होते. तुझ्या खोलीत अजून टर्पेंटाइनचा वास आहे. उदयपूरला खोली घेशील ती हवेशीर बघ. दमेकरी माणसानं बंद खोलीत तसले रंग उघडू नयेत.

माईंच्या काळ्यापांढऱ्या फोटोचं म्हणशील, तर रंगवताना लुगडं तू हिरवं केलंस. नलूआत्या म्हणते जांभळं होतं, बाबा म्हणतात डाळिंबी. मी सून होऊन आले तेव्हा माई पांढऱ्या पातळात होत्या, मी काय सांगणार? पण काडीला कापूस गुंडाळून तू त्यांच्या गालावर रंग चोळत होतीस, लावायचा, पुसायचा, परत लावायचा, ते मी दारातून पाहत होते. काय कौतुक वाटत होतं! आणि तोंडातून निघालं काय, तर ‘यावर पोट भरणार का?’

तुझा तो कैरोचा फोटोग्राफर, युसेफ नबीलही पाहिला. काळ्यापांढऱ्या प्रिंटवर हातानं रंग, अगदी जुन्या सिनेमासारखे. २००३ मध्ये देश सोडला आणि स्वतःचे कितीतरी फोटो पाठमोरे काढले. सुंदर आहेत, पण त्याच्या आईला तोंड बघावंसं वाटत नसेल? तू आपले समोरून काढून पाठवत जा.

उदयपूरचे राजेश सोनी फोटोग्राफर वास्वोंनी काढलेले फोटो रंगवतात, त्यांच्या घरी ही कला आजोबांपासूनची. तिथे जाऊन घाई करू नकोस. आधी नुसतं बघावं, हात मागाहून चालवावा, मोठ्यांना उलटं... झालं माझं कीर्तन सुरू! राग मानू नकोस. ब्रशचं टोक ओठांत धरून निमुळतं करतेस, तेवढं मात्र सोड. पोटात जातं ते.

दुसरीत होतीस, राम मारुती रोडवर दिवाळी पहाटेच्या गर्दीत फटाक्यांच्या धुरानं तुझा श्वास अडकला. बाबा तुला खांद्यावर टाकून पळाले, एक चप्पल तिथेच राहिली. म्हणून सांगते, खिडकी.

पैसे लागले तर मला सांग, बाबांना नको.

फोटो गोखले रोडच्या फ्रेमवाल्याकडे दिलाय. हिरवा तर हिरवा, हॉलमध्येच लावणार. नलूआत्याला काय सांगायचं ते मी बघेन.

तुझी,
आई

ता.क. पंप बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. सापडला का, ते कळव.